बुडबुडे थांबले, बाटल्या भरू का?

बीव्हर्टनहून (ओरेगन), सोमवार

नमस्कार मंडळी,

पिकनिकला होमब्रूचा, म्हणजे घरी केलेल्या बिअरचा, विषय निघाला होता, म्हणून मेलिंग यादीवरच विचारतो. पहिल्यांदाच घरी पेल एल ही बिअर लावली आहे. पाच गॅलन, माल्ट एक्स्ट्रॅक्टचं (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काचं) किट, कॅस्केड हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यूएस-०५ यीस्ट. त्यात मी अर्धा किलो गूळ घातला, वॉर्ट (आंबवण्याआधीचं गोड पाणी) उकळताना. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जास्त तितका आकडा मोठा) १.०५४ आली.

सुरुवातीला एअरलॉक (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी) रात्रंदिवस वाजत होता, आता एकदम गप्प आहे. येत्या शनिवारी दोन आठवडे पूर्ण होतील आणि किटच्या कागदावर दोन आठवड्यांनी बाटल्या भरा असंच लिहिलंय. बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत. बादली गॅरेजमध्ये आहे, तिथे हल्ली ५५-५६ फॅरनहाइट असतं. शनिवारी भरून टाकू का?

टिगार्डहून, सोमवार रात्री

अरे, शनिवार पक्का धरू नकोस. आधी हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचनळी) काढ.

एअरलॉक फक्त एवढंच सांगतो की बादलीतून वायू बाहेर पडतोय की नाही. झाकण नीट बसलं नसेल तर बिअर जोरात आंबत असतानाही तो गप्प बसतो. गॅरेज थंड झालं की आतली हवा आकसते, कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये जास्त विरघळून राहतो आणि बुडबुडे थांबतात. उलट, काम संपलेली बादली उबेला आणली की विरघळलेला वायू सुटतो आणि एअरलॉक पुन्हा वाजायला लागतो. म्हणून बुडबुड्यांवरून बाटल्या भरायच्या नाहीत आणि कॅलेंडरवरूनही नाहीत.

नमुना काढलास की लगेच वाचू नकोस. ताज्या नमुन्यातले बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. दोन ग्लासांत चार-पाच वेळा ओतून वायू घालव, मग नळीत ओत, हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरव आणि डोळे पातळीला आणून वाच. तुझ्या हायड्रोमीटरवर ६० फॅरनहाइट छापलेलं असेल तर गॅरेजच्या तापमानाला फारसा फरक पडणार नाही. ७७ ला मोजलंस तर अंदाजे ०.००२ मिळव. वाचून झाल्यावर नमुना पिऊन बघ, बादलीत परत ओतू नकोस.

आता आकडा कितीवर यायला हवा? यूएस-०५ ग्रॅव्हिटीचा १.००० च्या वरचा भाग साधारण ८० टक्क्यांनी खाली नेते. एक्स्ट्रॅक्टची बिअर कधीकधी थोडी वर थांबते, पण गूळ म्हणजे बहुतेक सगळी साखर, यीस्ट ती पूर्ण संपवते. त्यामुळे तुझी बिअर १.०१० ते १.०१२ च्या आसपास यायला हवी. आकडा तिथे आला आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजल्यावर तोच राहिला, तर झालं. दोन्ही गोष्टी हव्यात. नुसता स्थिर आकडा पुरत नाही, कारण थंडीने झोपलेली यीस्टही आकडा स्थिरच ठेवते.

व्हँकुव्हरहून (वॉशिंग्टनचं), मंगळवार

ताईंचं सगळं बरोबर, पण माझी पद्धत जरा वेगळी. बादली दर दोन दिवसांनी उघडली की हवा लागते. मी सरळ तीन आठवडे हात लावत नाही आणि मग एकदाच मोजतो. शिवाय नाकाचाही उपयोग करा. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास असेल तर तो डायअसेटिलचा (आंबताना तयार होणाऱ्या पदार्थाचा), यीस्टचं काम बाकी आहे. शंका असेल तर दोन झाकणाच्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या, एक बरणी ६०-६५ सेल्सियसच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गार करा आणि दोन्ही हुंगा. गरम केलेलीला लोण्याचा वास आला तर थांबा.

आणि भाऊ, पुढच्या पिकनिकला चार बाटल्या नक्की आणा. २०१० मध्ये ओरेगनात कायद्याचा असा अर्थ लावला गेला की होमब्रू घराबाहेर नेताच येत नाही, त्यापायी स्टेट फेअरमधली स्पर्धा बंद पडली होती. २०११ मध्ये कायदा बदलला. विकायची मात्र नाही.

बीव्हर्टनहून, मंगळवार रात्री

धन्यवाद काका, ताई. ताईंनी सांगितलं तसं मोजलं. १.०२०. वास चांगला आहे, चव गोडसर. काका म्हणतात तसं अजून एक आठवडा गॅरेजमध्येच राहू देऊ का? एवढ्याशा फरकाने खरंच काही होतं?

टिगार्डहून, बुधवार

होतं, आणि मला याची खरंच काळजी वाटते, कारण तुमच्या घरात लहान मुलं आहेत.

हिशोब असा. ग्रॅव्हिटी ०.००१ ने उतरली की बिअरमध्ये सुमारे अर्धा व्हॉल्यूम (बिअरच्या निम्म्या आकारमानाएवढा) वायू तयार होतो. १.०२० ला भरलीस आणि बाटलीत ती १.०११ पर्यंत आली तर ०.००१ चे नऊ पॉइंट, म्हणजे साडेचार व्हॉल्यूम. वर प्रायमिंगच्या (बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून भरताना घालायच्या) साखरेसह नेहमीचे अडीच. बेरीज सात. बिअरच्या साध्या बाटलीला तीनच्या पुढे नेऊ नये, आणि शॅम्पेनची जाड काचेची बाटलीसुद्धा साधारण सहाच्या हिशोबाने बनवतात. अशी बाटली फुटली की काचेचे तुकडे खोलीभर उडतात. शेल्फवरची एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्याही जातात.

काकांची तीन आठवड्यांची पद्धत त्यांच्या तळघरात चालते, तिथे तापमान बदलत नाही. तुझ्या थंड गॅरेजमध्ये आठवडा काय, महिना ठेवलीस तरी तो आठवडा मोजायचा नाही. बादली आजच घरात आण, ६८ ते ७० फॅरनहाइट मिळेल अशा कोपऱ्यात. झाकण न उघडता हलकेच गोल फिरव, म्हणजे तळाला बसलेली यीस्ट वर येईल. ढवळू नकोस, हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आता नवीन यीस्ट टाकायची घाई नको. आणि वारंवार उघडायचं नसेल तर रविवारी मोज आणि मग बुधवारी, तेवढं पुरे.

हवं तर एक कप बिअर वेगळी काढ, चिमूटभर कोरडी यीस्ट टाक आणि सैल झाकण लावून उबदार जागी ठेव. एवढासा नमुना लवकर संपतो. तो कितीवर थांबला ते बघितलंस की बादलीनेही कुठे थांबायला हवं ते कळतं.

बीव्हर्टनहून, पुढचा बुधवार

ताई, घरात आणल्यावर दुसऱ्याच दिवशी एअरलॉक वाजायला लागला. रविवारी १.०१२, आज १.०११. कपातला नमुनाही १.०११ वर थांबलाय. गोडी गेली, गुळाचा किंचित करपट वास मागे राहिलाय आणि तो मला फार आवडला. ही झाली ना?

टिगार्डहून, बुधवार

जवळजवळ. एका पॉइंटचा फरक वाचण्यातलाही असू शकतो, पण कपाने तोच आकडा सांगितलाय, हे जास्त महत्त्वाचं. शनिवारी भरण्याआधी एकदा मोज. १.०११ असेल तर भर. मद्यार्क साडेपाच टक्क्यांच्या थोडा वर जाईल.

साधी साखर ११० ग्रॅम, तराजूवर मोजून. वाटीच्या मापाने नको. पेलाभर पाण्यात उकळ, गार कर, बॉटलिंगच्या बादलीत आधी ती ओत आणि वरून सायफनने बिअर सोड, म्हणजे आपोआप मिसळेल. प्रायमिंगलाही गूळच वापरायचा मोह होईल, पण त्यातलं पाणी दर ढेपेला वेगळं असतं, तेव्हा यावेळी नको.

बाटल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात, कपाटात ७० फॅरनहाइटला ठेव. भरताना एक छोटी सोड्याची प्लास्टिकची बाटलीही भर. ती बोटांनी दाबून कडक लागली की वायू तयार झालाय हे कळतं. दोन आठवड्यांनी एक काचेची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सिंकवर उघड. फेस भसाभसा वर आला तर बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये टाक आणि मला फोन कर.