विषय: दुभाषी वर्ग – जेनेटिक्सचे दोन शनिवार

नमस्कार मंडळी,
आरोग्य समितीचा आराखडा पाहिला. मराठी पेशंटसाठी दवाखान्यात दुभाषी होणाऱ्यांचा ४० तासांचा मूळ वर्ग ठीक. त्यावर जेनेटिक्सला, म्हणजे आनुवंशिक आजारांना, आणखी दोन शनिवार कशाला? आपली माणसं शिकलेली आहेत, शब्दांची यादी दिली की भागेल. हॉलचं भाडं मंडळाच्याच बोडक्यावर बसतं.
– खजिनदार

---

काका,
भाड्याचं बघू, पण यादीने भागणार नाही. अमेरिकेत वैद्यकीय दुभाष्याच्या प्रमाणपत्रासाठी मराठीची तोंडी परीक्षाच नाही. आपलं मराठी तपासायला कोणी बसलेलं नाही, तेव्हा आपणच तयारी करायची.

जेनेटिक काउन्सेलर (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणारी) आधी तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. पेशंट म्हणतो, "भावाला होता." सख्खा, चुलत की मामेभाऊ? दुभाष्याने न विचारता 'ब्रदर' म्हणून टाकलं, की आईकडचा आजार भलत्याच फांदीवर जातो. आणि मामाची मुलगी केलेली असेल, तर मंडळातला दुभाषी समोर बसलेला पाहून कोण तोंड उघडणार? अशा वेळी फोनवरचा अनोळखी दुभाषी मागावा, हेही वर्गात शिकवायचंय.

आईबाप दोघांनाही थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) मायनर असेल, म्हणजे ते वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, होण्याची शक्यता २५ टक्के. 'चारातलं एक' ऐकून लोक समजतात की पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली. दुभाष्याचाच असा समज असेल तर चूक पकडणार कोण? आणि त्याला स्वतःला नीट समजलेलं असलं तरी त्याने पेशंटला स्वतः समजावत बसायचं नाही. "पेशंटचा गोंधळ झालाय असं वाटतं" एवढं काउन्सेलरला सांगायचं.

ब्रॅका (स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला बदल) तर आणखी नाजूक. तो बदल वडिलांकडूनही येतो, हे किती जणांना माहीत आहे? रिपोर्टमध्ये 'या बदलाचा अर्थ अजून निश्चित नाही' असं आलं, की हौशी दुभाषी "काही नाही निघालं" म्हणून मोकळा! शिवाय जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा २००८ चा जिना कायदा नोकरी आणि आरोग्य विम्यापुरता आहे, आयुर्विम्याला तो लागू नाही. (आपल्यातले विमा एजंट हे कधी सांगत नाहीत.)

---

ताई,
बरं. शाळेची खोली फुकट मिळते का विचारतो. सरावाला पेशंट कोण?

---

मी होते, काका. दुभाषी म्हणून काकूंना पाठवा, त्यांना सगळ्यांची नाती तोंडपाठ आहेत. मंडळातली खरी केस मात्र सरावात नको, नाव गाळूनसुद्धा नको. इथे सगळे लगेच ओळखतात.