आईची केमो चालू आहे, आत्याने दूध साखर सोया सगळं बंद केलंय, नक्की काय खायला द्यायचं?

कराडची_लेक

नमस्कार. आई ५६ ची, ब्रेस्ट कॅन्सर, स्टेज २, ऑपरेशन झालं, मोठ्या ४ केमो झाल्या, आता दर आठवड्याची पॅक्लिटॅक्सेल चालू आहे, १२ पैकी ३ झाल्या. ईआर पॉझिटिव्ह आहे, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारा, त्यामुळे नंतर ५ वर्षं तरी गोळी असणार.

प्रॉब्लेम असा की आत्या राहायला आलीय मदतीला. मनाने खरंच चांगली आहे, रोज सकाळी ६ ला उठून गॅलरीतल्या कुंडीतले गव्हांकुर कापून वाटून रस गाळून आईला देते. पण तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठलीतरी यादी आलीय, त्यात साखर बंद, दूध दही बंद, अंडं बंद, सोयाबीन तर विषच म्हणे, वांगं भात पण नको. उरलं काय तर दुधी भोपळ्याचं सूप आणि तो हिरवा रस. बाबांनी सोयाचे चंक्स आणले तर दुकानात परत करायला लावले.

ऑपरेशनआधी आईचं वजन ६१ होतं, काल ५३.५ भरलं. काल तिने स्वतःहून चहा मागितला, आत्याने बिनदुधाचा बिनसाखरेचा दिला, आईने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टर म्हणतात सगळं खाऊ दे, पण ओपीडीत जेमतेम ५ मिनिटं मिळतात, आत्याला पटवायला ती पुरत नाहीत. कोणी यातून गेलंय का?

नाशिकची_मावशी

अगं बाळा आधी तो चहा नीट करून दे आईला, दूध साखर आलं घालून. बाकीचं नंतर वाच.

मी ६ वर्षांपूर्वी यातून गेलेय, माझ्या पण ४ आणि १२ च होत्या. तोंडाला लोखंडासारखी चव येते, स्टीलचा चमचा तोंडात घातला की मळमळायचं म्हणून मी आइस्क्रीमबरोबर येतो ना तो लाकडी चमचा वापरायचे, घरातले हसायचे पण जेवण जायचं. फोडणीचा वास सहन व्हायचा नाही मग सून मी झोपलेली असताना स्वयंपाक उरकायची आणि मला कोमट जेवण द्यायची. मऊभात मेतकूट तूप, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची आंबील, आमसुलाचं सार, शिरा. तोंड आलं होतं तेव्हा दूधपोहे आणि साबुदाण्याची खीर, त्या आठवड्यात लोणचं तिखट आंबट सगळं बंद. एका वेळी दोन घासच जायचे म्हणून दिवसातून सहा सात वेळा थोडं थोडं. उकडलेलं अंडं रोज एक, नको वाटलं तर पोळा करून.

आणि तो गव्हांकुराचा रस मात्र थांबवा गं. मला पण एका नातेवाइकांनी आणून दिला होता, डाएटिशियनबाई चांगल्याच चिडल्या, म्हणाल्या केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यात कच्च्या अंकुराचा रस म्हणजे मातीतले जंतू पोटात. कच्ची मोड आलेली मटकी, बाहेरची भेळ, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं, सगळ्याला नाही. मटकीची उसळ शिजवून खा म्हणाल्या, फळ घरी धुवून सोलून.

पी_के_७१

साखरेचं आत्याचं बरोबर आहे. कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, साखर बंद म्हणजे त्यांची उपासमार. माझ्या मेव्हण्याने गूळसुद्धा सोडला होता.

डाएटवाली

पी_के दादा, ही समजूत कुठून आली ते सांगते. पेट स्कॅनला ग्लुकोजसारखं औषध शिरेतून देतात आणि गाठ ते जास्त ओढून घेते म्हणून फोटोत चमकते. तेवढं खरं आहे. पण ग्लुकोज शरीरातली प्रत्येकच पेशी वापरते आणि तुम्ही खाल्लं नाही तर लिव्हर ते तयार करतं, त्यासाठी स्नायूंमधलं प्रोटीन वापरलं जातं. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, पेशंट मात्र वाळतो. लेक, तुझ्या आईचे साडेसात किलो गेलेत त्यात चरबीबरोबर स्नायूही असणार. हां, आईला डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी, पॅक्लिटॅक्सेलच्या आधी स्टेरॉइड देतात त्याने शुगर चढते, ते डॉक्टरांना विचार.

मी हॉस्पिटलमध्ये हेच काम करते, तुझ्या आईच्या फाइल पाहिलेल्या नाहीत तेव्हा ढोबळच सांगते. आत्ता लक्ष द्यायचं ते प्रोटीनकडे. वजनाच्या प्रत्येक किलोला एक ते दीड ग्रॅम, म्हणजे आईला साधारण ६० धर. अंड्यात ६, कपभर दुधात ७-८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, आणि सोया चंक्स ५० ग्रॅम कोरडे घेतले तर २५. दुधीच्या सूपवर ६० कसे व्हायचे?

सोयाची भीती अशी की त्यातले आयसोफ्लेव्होन दिसायला इस्ट्रोजेनसारखे, आणि आईचा कॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढणारा. ऐकायला पटतं. पण शांघायमध्ये ५ हजारांवर ब्रेस्ट कॅन्सरच्या बायका काही वर्षं बघितल्या, २००९ मध्ये छापून आलं, सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार परत येणं आणि मृत्यू दोन्ही कमीच निघाले. चंक्स, टोफू, पिठात मिसळलेलं सोयाबीन चालतं. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र नकोत. हळदीचंही तसंच, भाजीतली हळद खुशाल, पण मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या (हळदीतल्या अर्काच्या) कॅप्सूल टॅमॉक्सिफेनची, म्हणजे केमोनंतर वर्षानुवर्षं देतात त्यातल्या एका गोळीची, रक्तातली पातळी कमी करू शकतात, डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. दूध, वांगं, भात बंद करायला काही कारण नाही.

नाशिकची_मावशी

डाएटवाली ताई एक राहिलं. केमो संपल्यावर सगळ्यांनी मला डिंकाचे लाडू, तूप, बदाम असं इतकं चारलं की वर्षात ९ किलो वाढले. मग डॉक्टर म्हणाले आता कमी करा. आधी खा खा, मग कमी करा, मला कळेना.

डाएटवाली

हो मावशी, दोन्ही बरोबरच. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, लेट्रोझोल नावाची नंतरची गोळी अडवते ती हीच प्रक्रिया. म्हणून ट्रीटमेंट संपल्यावर वजन आटोक्यात ठेवायला सांगतात. लेट्रोझोलने हाडं पण विरळ होतात, तेव्हा नाचणी, तीळ, दूध, रोजचं चालणं आणि व्हिटॅमिन डी तपासून घेणं. पण हे सगळं पुढचं, आत्ता वजन घटता कामा नये.

कराडची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, कालच आत्याला मोठ्याने वाचून दाखवलं. सोयावर अजून नाक मुरडतेय पण जंतूंचं ऐकून कुंडी स्वतःच खाली नेऊन ठेवली. आणि आज सकाळी आईने अर्धा कप चहा आणि एक अंडं खाल्लं!! लाकडी चमच्याने.

एक स्वतःचं विचारते, मी ३१ ची. मला होऊ नये म्हणून मी काय खायचं? ग्रीन टी, जवस, ब्रोकोली वगैरे चालू करू का?

डाएटवाली

जवस खा, चटणी छान लागते, पण त्याने कॅन्सर अडतो असं मी सांगणार नाही. अमेरिकेत ३ हजारांवर बायकांवर प्रयोग झाला होता, ब्रेस्ट कॅन्सर झालेल्याच, अर्ध्यांना भाज्या फळं खूप वाढवून दिली, ७ वर्षांनी बघितलं तर आजार परत येण्यात फरक नाही. खाण्यापिण्यातली पक्की गोष्ट म्हणजे दारू, त्यात वाईनही आली, थोडीसुद्धा धोका वाढवते. बाकी वजन आणि हालचाल. तुझ्यासाठी ब्रोकोलीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आईच्या डॉक्टरांना विचार की जनुकांची टेस्ट लागेल का आणि तुझी तपासणी कितव्या वर्षापासून.

कराडची_लेक

पुढच्या मंगळवारी केमो आहे तेव्हा विचारते, वहीत लिहून ठेवलंय. मावशी, मेतकूट विकतचं चालेल की घरचंच हवं? आत्या विचारतेय.

नाशिकची_मावशी

विकतचं चालतं गं, भाजलेल्या डाळींचंच असतं, फक्त पाकीट सीलबंद आणि तारीख बघून घे. भात मात्र गरम हवा, सकाळचा उरलेला नको. आत्याला सांग वर दूध घालून बघ, आईला आवडेल.