फेडरल बजेट कट झालं तर आपल्या शाळेला नक्की काय फरक पडतो?

जर्सीकर_आई: न्यूजमध्ये सारखं एज्युकेशनचे फेडरल पैसे कापणार असं चाललंय. पण आम्ही तर घसघशीत प्रॉपर्टी टॅक्स भरतो आणि त्यातला मोठा हिस्सा शाळेलाच जातो, मग वॉशिंग्टनने हात आखडता घेतला तर आमचं काय अडणार? विचारायचं कारण, परवा स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये रीडिंग स्पेशालिस्टची (वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना शिकवणाऱ्या बाईंची) पोस्ट जाणार म्हणाले. मुलगी तिसरीत आहे, त्या बाईंकडेच जाते.

आकडेमोड: देशभराची सरासरी धरली तर फेडरल वाटा साधारण 10 टक्क्यांच्या आसपास, बाकी स्टेट आणि लोकल. पण तो सगळ्यांना सारखा मिळत नाही ना. टायटल वन नावाचा फेडरल निधी (1965 पासून आहे) गरीब मुलं जास्त तिथे जातो, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी टायटल थ्री, आणि स्पेशल एडसाठी (अपंग मुलांच्या शिक्षणासाठी) आयडिया नावाच्या कायद्याखाली पैसे येतात. श्रीमंत स्कूल डिस्ट्रिक्टला 2 टक्केसुद्धा मिळत नसतील, त्यामुळे तिथले लोक म्हणणारच काही फरक पडत नाही.

पॅरा_ताई: मी शाळेत स्पेशल एडमध्ये काम करते म्हणून सांगते, फरक सगळ्यांना पडतो. मुलाच्या आयईपीमध्ये (त्याच्यासाठी शाळेने लिहिलेल्या शिक्षणाच्या योजनेत) स्पीच थेरपी लिहिली असेल तर ती द्यावीच लागते, पैसे नाहीत हे कारण चालत नाही. स्पेशल एडच्या 1975 च्या कायद्यात देशाच्या दर मुलामागच्या सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत फेडरलने द्यायचं ठरलं होतं, तेवढं आजवर कधी दिलंच नाही. उरलेलं जनरल फंडातून काढतात, म्हणजे तुमच्याच टॅक्समधून, आणि मग ज्याला कायद्याचं कवच नाही ते आधी जातं, म्हणजे बँड, लायब्ररी, रीडिंगची मदत. अजून एक, आमची थेरपिस्ट सेशन संपलं की लॅपटॉपवर लॉग भरत बसते ना, ते मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) बिलिंगसाठी, थेरपीचे काही पैसे तिकडून मिळतात. म्हणजे मेडिकेड कापलं की तेही शाळेच्याच डोक्यावर, आणि बातमीत ते एज्युकेशन कट म्हणून येतच नाही!!

जर्सीकर_आई: बापरे, हे माहीतच नव्हतं. मग टॅक्स वाढवून भरून का काढत नाहीत?

आकडेमोड: न्यू जर्सीत शाळेचा टॅक्स वर्षाला किती वाढवायचा त्यावर 2 टक्क्यांची कॅप आहे, थोडे अपवाद सोडले तर त्याच्या वर जाता येत नाही.

सब_टीचर: कटपेक्षा मला टायमिंगचा वैताग जास्त वाटतो. 2025 मध्ये काँग्रेसने मंजूर केलेले पैसे 1 जुलैला सुटायला हवे होते, 6 अब्ज डॉलरच्या वर रक्कम, आदल्या दिवशी कळवलं की रिव्ह्यू चालू आहे. आफ्टरस्कूल, टीचर ट्रेनिंग, टायटल थ्री सगळं लटकलं. महिनाअखेरीस सोडले म्हणा, पण तोवर ऐन हायरिंगच्या दिवसांत डिस्ट्रिक्टवाले काय खात्रीने माणसं घेणार?
आणि जर्सीकर_आई, तुमची ती रीडिंगची पोस्ट कोविडच्या फेडरल मदतीच्या पैशावर घेतलेली होती का ते पण विचारा. त्या शेवटच्या हप्त्याची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. तसं असेल तर यंदाच्या बजेटला उगाच शिव्या घालू नका. डिस्ट्रिक्टच्या बजेटची पीडीएफ काढा, त्यात फंड 20 म्हणजे ग्रँटचा पैसा, फंड 11 म्हणजे जनरल.

जर्सीकर_आई: पीडीएफ मिळाली. पोस्ट फंड 20 मध्येच दिसतेय, टायटल वनखाली. पुढच्या मीटिंगला पब्लिक कमेंटमध्ये नाव देतेय.