'लपवायचं काही नसेल तर घाबरता कशाला?' म्हणणाऱ्या दुकानदारांना

मांडवीकाठ (धागाकर्ता)

आमच्या गोव्यातल्या व्यापारी-ग्राहक ग्रुपवर म्हापशाच्या एका दुकानदाराने लांबलचक पोस्ट टाकली. सारांश असा: दुकानात चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवलेत, आधी चोरी करताना सापडलेला माणूस दारात आला की मॅनेजरचा मोबाइल वाजतो, शिवाय गिऱ्हाईक कुठल्या रॅकपुढे किती वेळ रेंगाळतं तेही कळतं. शेवटी ठेवणीतलं वाक्य, 'ज्याला लपवायचं काही नाही त्याला घाबरायचं कारण नाही.' खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर लिहायला बसलो, ते वाढत गेलं, म्हणून हा धागा.

चवथीच्या खरेदीला पर्वरीच्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. दारातच पडदा, त्यात आत येणारी माणसं दिसतात. माझ्या डोक्याभोवती हिरवी चौकट उमटली आणि बाजूला आकडा आला: पुरुष, ५८. मी ४६ चा. बायकोला ३१ दिले होते, त्यामुळे तिचा त्या यंत्रणेवर तत्काळ विश्वास बसला. इथवर गंमत. पण काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर मागितला. देणार नाही म्हटलं, तर म्हणते, "सर, नंबर घातल्याशिवाय पुढची खिडकीच उघडत नाही." तिला दहा वेळा नऊ दाबायला सांगितलं. बिल गुमान बाहेर आलं.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं आहे की बिलासाठी नंबराची सक्ती ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ते कुणाच्या गावीही नाही.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. चोर पकडायला म्हणून लावलेला कॅमेरा हळूच विक्रीच्या कामाला जुंपला जातो आणि भिंतीवरची पाटी मात्र 'आपल्या सुरक्षेसाठी' हीच राहते, यावर आक्षेप आहे. कॅनडात कॅडिलॅक फेअरव्ह्यू नावाच्या कंपनीने १२ मॉलमध्ये दुकानांचा नकाशा दाखवणाऱ्या पडद्यांतच कॅमेरे दडवले होते. लोक चपलांचं दुकान कुठे आहे ते बघायचे आणि पडदा त्यांचं वय नि लिंग टिपायचा. २०२० मध्ये तिथल्या गोपनीयता आयुक्तांनी अहवाल दिला, सुमारे ५० लाख चेहरे. नकाशा बघणाऱ्यांनी काय लपवलं होतं?

दुकानदार_म्हापसा

ती पोस्ट माझी. इथे पाठीमागे धागा काढण्यापेक्षा तिथेच विचारलं असतंत तर बरं झालं असतं.

तुम्ही पगारदार दिसता. डिसेंबरात माझ्या दुकानात उभे राहा. काजूची पाकिटं, सनस्क्रीनच्या ट्यूबा आणि लहान बाटल्या, हे तीन रॅक सीझनमध्ये रिकामे होतात आणि बिलात त्यातला बराच माल नसतो. चोरणारा गरीब असतो असं समजू नका. एक गॉगलवाला साहेब गाडी चालू ठेवून आत आला होता. पोलिसांत गेलं की पहिला प्रश्न: फुटेज आहे? नसेल तर 'बघतो'. म्हणून कॅमेरा घेतला. आता घेतलाच आहे तर कुठल्या रॅकपुढे गर्दी होते ते बघितलं, यात कुणाचं काय गेलं?

आणि मोबाइलवरून साबण मागवता तेव्हा काय काय बघितलंत, किती वेळ बघितलंत, कुठे राहता, सगळं त्या कंपनीकडे जातं. त्यावर धागा निघत नाही. म्हापशाच्या मराठी दुकानदारावर मात्र लगेच.

फोंड्याची_माई

मला या सगळ्या कॅमेरापुराणाचं हसू येतं. दुकानात पाळत आज सुरू झाली का? आमच्या गावातला पसरकार, म्हणजे किराणा दुकानदार, कुणापेक्षा कमी होता? मी नववीत असताना पॅड आणायला गेले. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी, आणि दुकानात बसलेल्या चार बाप्यांकडे बघून गालात हसला. संध्याकाळी बाबांना कळलं होतं की माझी तारीख काय. काकूंनी गर्भधारणेच्या चाचणीची पट्टी आणली तेव्हा आधी वाड्याला समजलं आणि मग काकांना.

मॉलमध्ये मी वस्तू टोपलीत टाकते, मुलगी मान वर न करता स्कॅन करते, मी घरी येते. कॅमेऱ्याने अजून माझ्या बापाला काही सांगितलेलं नाही. त्या हिरव्या चौकटीत ५८ काय ८५ लिहा, मला चालेल.

तिठ्यावरचा

माई, एका आंबट माणसावरून सगळ्या पसरकारांना झोडपू नका. माझे बाबा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पडून होते तेव्हा आमच्या घरात तांदूळ कुणी पाठवला? पसरकाराने. वहीत लिहिलं आणि मागितले नाहीत, बाबा घरी येईपर्यंत. कारण त्याला माहीत होतं की घरात काय चाललंय. माहिती त्याच्याकडे होती म्हणूनच माणुसकी दाखवता आली. तुमच्या त्या कॅमेऱ्याला उधारी माहीत आहे?

फोंड्याची_माई

उधारी कुणाला मिळायची ते पण सांगा ना. आमच्याकडे मुंडकारांच्या, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांच्या, घरातल्या बायकांना पायरीखाली उभं करून तेल-मीठ वरून हातात टाकायचे. वही त्यांच्यासाठीही होती, पण ती सोडवायला जमीनदाराच्या बागायतीत, भाटात, फुकट राबावं लागायचं. वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, म्हणून सात रुपयांचे सतरा व्हायचे. तुमच्या बाबांना तांदूळ आला, आनंद आहे. तुमचं आडनाव विचारत नाही.

तिठ्यावरचा

आडनावावर आलात म्हणजे मुद्दे संपले. मी जात काढली नव्हती, तुम्ही काढलीत. धागा कॅमेऱ्यावर आहे.

फोंड्याची_माई

मी पायरी काढली. जात तुम्हाला ऐकू आली.

कॅरीबॅग_विरोधक

हे सगळं ठीक आहे पण मूळ दुखणं वेगळंच आहे. हजारोंची खरेदी केल्यावर वर दहा रुपये पिशवीचे! आणि त्या पिशवीवर त्यांचीच जाहिरात! म्हणजे त्यांची जाहिरात मी पैसे देऊन गावभर मिरवायची. यावर कुणी का बोलत नाही?

मांडवीकाठ

कारण दर धाग्यावर तुम्ही बोलता. पुढे चला.

माई, तुमचा अनुभव खोडता येत नाही आणि मला खोडायचाही नाही. पण पसरकार बघत होता हे तुम्हाला दिसत तरी होतं. तुम्ही त्याला टाळून दुसऱ्या गावात जाऊ शकत होता. तो मेला की त्याच्याबरोबर तुमची तारीखही गेली. मॉलमधली नजर दिसत नाही, तिच्या शाखा गावोगाव आहेत आणि तिला मरण नाही. पॅड, मग गरोदरपणातलं फॉलिक अ‍ॅसिड, मग डायपर हे एका नंबरावर नोंदत गेलं की बापाला नाही कळणार, पण विमा विकणाऱ्याला, कर्ज देणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही.

फोंड्याची_माई

दुसऱ्या गावात जाऊ शकत होते! नववीतली मुलगी, कदंबच्या बसने, पॅडसाठी. पुरुषांना सगळं किती सोपं वाटतं.

मरण नाही हा मुद्दा मात्र घेते. एवढाच.

कॅमेरेवाला_डिचोली

धंद्यातला माणूस म्हणून थोडं लिहितो, बरीच गल्लत दिसतेय.

छताला खाली तोंड करून लावलेला दोन डोळ्यांचा डबा दिसला तर तो फक्त डोकी मोजतो. त्याला चेहरे दिसतच नाहीत. रॅकपुढची गर्दी दाखवणारा लाल-पिवळा नकाशा नेहमीच्या कॅमेऱ्यावरूनही काढता येतो, त्यालाही तुमचं नाव लागत नाही. चेहरा ओळखणारी वस्तू वेगळी. ती चेहऱ्याचे आकडे करून यादीतल्या आकड्यांशी ताडून बघते. किती जुळलं म्हणजे 'तोच' म्हणायचं ती पातळी आम्ही ठरवतो. खाली ठेवली की साधा माणूस चोर ठरतो, वर ठेवली की चोर सुटतो. मालक नेहमी म्हणतो खाली ठेव. दारातल्या पडद्यावरची वयाची चौकट ही निव्वळ हौस, विकताना मालकावर छाप पडते.

पूर्वी वायफायवरून फोन ओळखून माणूस दुकानात कुठे फिरला ते काढायचे. आयफोनने २०१४ पासून आणि अँड्रॉइडने २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून फोनचा वायफायपुरता ओळख-क्रमांक (मोबाइल नंबर नव्हे) बदलता ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे त्यात आता फारसा राम नाही. मग काय करतात? 'फुकट वायफाय' असा बोर्ड लावतात. तुम्ही आपल्या हाताने नंबर देता, ओटीपी टाकता आणि खूश होता. सांगायचं काय, तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून ओरडताय आणि नंबर लकी ड्रॉच्या डब्यात टाकताय.

कोर्टापाशी_पणजी

कायद्याचं कुणी विचारलं नाही, तरी लिहिते.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता हा मूलभूत अधिकार मानला. मग २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७. निकालापासून जवळपास दहा वर्षं. दंड २५० कोटींपर्यंत, हे पेपरात ठळक छापून येतं. दंड सरकारी तिजोरीत जातो हे छापून येत नाही. ज्याचा चेहरा गेला त्याला या कायद्याखाली एक पैसा भरपाई नाही, माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं ४३-अ कलमही हाच कायदा काढून टाकतो. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केलीत तर तुम्हालाच दहा हजारांपर्यंत दंड आहे. ग्राहकाने भीत-भीत तक्रार करावी अशी चोख व्यवस्था!

आणि दुकानदार साहेब, 'आधी चोरी करताना सापडलेला' हे कोण ठरवतं? तुमचा मॅनेजर? अमेरिकेत राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने शेकडो दुकानांत हेच केलं. यादीतले फोटो अंधुक, काही मोबाइलवर काढलेले. अकरा वर्षांच्या एका मुलीला चुकीच्या जुळणीवरून अडवून तिची झडती घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने (एफटीसी) त्यांना चेहरा ओळखण्याच्या वापरावर पाच वर्षं बंदी घातली. म्हापशात असं झालं तर ती मुलगी कुणाची असेल? हॉटेलवाल्याची की झारखंडहून बांधकामावर आलेल्याची?

दुकानदार_म्हापसा

घ्या, आता मी अमेरिकेतला गुन्हेगार झालो. बाई, माझ्याकडे यादीत मोजकेच लोक आहेत आणि प्रत्येकाला मी स्वतः पकडलेलं आहे.

सत्तरीचा_पाऊस

मोजकेच लोक पकडायला चेहरा ओळखणारी यंत्रणा? त्यांचे फोटो गल्ल्यामागे चिकटवले असते तर काम झालं असतं. विकणाऱ्याने तुमचाच चेहरा बरोबर ओळखला.

दुकानदार_म्हापसा

शहाणपण शिकवायला सगळे पुढे. माल चोरीला गेला की कुणी वर्गणी काढत नाही.

जुना_बार्देशकर

एप्रिल २०१५ विसरलात वाटतं सगळे. कांदोळीच्या कपड्यांच्या दुकानात स्मृती इराणी, तेव्हाच्या केंद्रीय मंत्री, कपडे घालून बघायला गेल्या आणि त्यांना चेंजिंग रूमच्या दिशेने वळलेला कॅमेरा दिसला. कंपनीचं म्हणणं, कॅमेरा दुकानाच्या मोकळ्या भागात होता, लपवलेला नव्हता. मंत्री होत्या म्हणून त्याच दिवशी पोलीस आले. त्यानंतर माझ्या मुली कित्येक महिने खोलीत शिरल्या की आधी छत आणि झडपा तपासायच्या, आरशावर बोट ठेवून बघायच्या. कॅमेरा कुणाच्या बाजूने वळलाय, एवढंच विचारायचं असतं.

कॅमेरेवाला_डिचोली

बार्देशकर, आरशावर बोट ठेवून काही कळत नाही, ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं आहे. बाकी खरं.

वळलेल्या कॅमेऱ्यापेक्षा मला रेकॉर्डरची काळजी वाटते. तो गल्ल्याखाली, उदबत्तीच्या खोक्यांच्या मागे, पासवर्ड कारखान्यातून आला तोच. मालकाला घरून मोबाइलवर बघायचं असतं म्हणून इंटरनेटला जोडलेला. बाहेरच्याला आत शिरायला फार हुशारी लागत नाही. वर नोकर फुटेजचा मोबाइलवर व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकतात, 'ही बाई चोर, शेअर करा.' असा एक व्हिडिओ मी पाहिला. त्यातली बाई पर्स उघडून चष्मा शोधत होती.

तिठ्यावरचा

मग माझा पसरकारच बरा. तो निदान व्हिडिओ टाकत नव्हता.

फोंड्याची_माई

त्याला गरज नव्हती. बसल्या जागेवरून सांगायचा.

मांडवीकाठ

म्हापशेकर, सरळ तीन गोष्टी विचारतो. दारावर मराठी-कोंकणीत पाटी लावाल का, की इथे चेहरा ओळखला जातो? यादीत नसलेल्यांचे चेहरे त्याच दिवशी पुसाल का? आणि बिलासाठी नंबर मागणं बंद कराल का?

दुकानदार_म्हापसा

नंबर बंद करतो. तसेही निम्मे लोक दहा वेळा नऊ दाबायला लावतात, तुमच्यासारखे. पाटीचं बघू, पण समोरच्या मोठ्या दुकानाने लावली तरच, नाहीतर गिऱ्हाईक तिकडे जाईल आणि तिथे तर दुप्पट कॅमेरे आहेत. पुसण्याचं मला माहीत नाही, ते आपोआप होतं म्हणतात.

कॅमेरेवाला_डिचोली

आपोआप फुटेज पुसलं जातं, डिस्क भरली की. चेहऱ्यांची नोंद वेगळ्या जागी असते, ती कुणीतरी आत जाऊन पुसावी लागते. तुमच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे?

कॅरीबॅग_विरोधक

आणि पिशवीचे किती घेता तेही सांगा.

दुकानदार_म्हापसा

आठ रुपये. घरून आणा.

पासवर्ड बसवायला आलेल्या पोराकडे होता. तो पोर्तुगीज पासपोर्ट करून लिस्बनला गेला. फोन लावला की रिंग जाते.