चार्जर जोडला की बाहेरच्या मॉनिटरचे चित्र जाते

प्रश्न : लॅपटॉपला यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टरमार्फत फोर-के मॉनिटर जोडला आहे. बॅटरीवर चित्र स्थिर राहते. परंतु त्याच अडॅप्टरमध्ये चार्जर लावला की दर काही मिनिटांनी पडदा क्षणभर काळा होतो. केबल बदलूनही फरक पडला नाही. दोष कुठे शोधावा?

उत्तर १ : प्रथम रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढले जाते तो दर) ६० वरून ३० हर्ट्झवर आणून पाहा. फोर-के म्हणजे ३८४० × २१६० बिंदूंचे चित्र ६० हर्ट्झने पूर्ण रंगांत पाठवण्यासाठी एचडीएमआय २.० लागते, ज्याची कमाल क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे. ३० हर्ट्झवर त्रास थांबला, तर सिग्नल आधीच जेमतेम पोहोचत असून चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट त्याला पुरता अडवतो, असा माझा अंदाज आहे.

उत्तर २ : अंदाज पटतो. चार्जर लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला थेट लावून पाहा, म्हणजे वीज आणि चित्र यांच्या वाटा वेगळ्या होतील. आणखी एक गोष्ट तपासा : गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून उठतानाही पडदा जातो का? माझ्याकडे जात असे. उठताना खुर्चीत निर्माण होणारा स्थिर विद्युतेचा झटका केबल अँटेनाप्रमाणे पकडत होती आणि चांगले शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे आवरण) असलेली आखूड केबल घेतल्यावर तो प्रकार थांबला.

प्रश्नकर्ता : चार्जर थेट लावल्यापासून ६० हर्ट्झवरही चित्र एकदाही गेलेले नाही. अडॅप्टर बदलतो. दोघांचे मनापासून आभार.