एकाच दीर्घिकागटाचं वजन लेन्सिंगने एक आणि वेगांवरून दुसरंच, धरायचं कोणतं?

जळगाव_एमएस्सी
राम राम मंडळी. प्रोजेक्टला एका ग्रुपचा (दीर्घिकागटाचा) मॉक, म्हणजे सरावासाठी बनवलेला डेटा मिळालाय. ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते, z) 0.43, सदस्य दीर्घिका 24, मधोमध दोन ठळक लंबगोल दीर्घिका, भोवती कंस, म्हणजे लेन्सिंगने (गटाच्या गुरुत्वाने प्रकाश वाकून) ताणलेल्या मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा. आइनस्टाइन त्रिज्या (कंसांच्या कड्याची) 8 आर्कसेकंद, अंतरांचं गुणोत्तर (गट ते मागची दीर्घिका भागिले आपण ते मागची दीर्घिका) 0.6; त्यावरून डिस्पर्शन, म्हणजे सदस्यांच्या वेगांचा पसारा, 680 किमी/से निघतं. सदस्यांच्या ताम्रसृतींवरून मात्र 1185. एवढी तफावत कशामुळे? आणि हा गट पुढे फॉसिल ग्रुप (एकच ठळक दीर्घिका उरलेला गट) होईल का, हे लेन्सिंगवरून सांगता येतं का?

तापीकाठ
आधी 1185 ला 1.43 ने भागा. ताम्रसृतींतला फरक नुसता प्रकाशवेगाने गुणला की 1+z ने भागायचं राहून जातं. भागलं की 830 उरतात. तुमचे 680 बरोबर आहेत: 1000 किमी/से ला 28.8 आर्कसेकंद, म्हणून 28.8 × 0.68² × 0.6 म्हणजे 8.

आता 830 आणि 680. एवढ्यावर ‘मर्जर’ (दोन गटांचं विलीनीकरण) म्हणू नका भाऊ. 24 सदस्यांवर डिस्पर्शनमध्ये साधारण 15 टक्के अनिश्चितता असते, म्हणजे 830 अधिक-उणे 120. सदस्य थोडे असले की साध्या प्रमाण विचलनाऐवजी गॅपर पद्धत (क्रमाने लावलेल्या वेगांमधल्या फटींवरून पसारा काढणारी) वापरा, कडेचा एखादा उपरा सगळा आकडा फुगवतो. आणि वेगांचा हिस्टोग्राम काढा, 200 किमी/से चे कप्पे पुरेत.

जळगाव_एमएस्सी
काढला. दोन उंचवटे स्पष्ट आहेत, मध्ये सुमारे 1350 चं अंतर. सदस्य जवळजवळ निम्मे-निम्मे.

सातपुडा_नाना
मग गणित सुटलंच. नजरेच्या रेषेत एकामागे एक असे दोन ग्रुप एकमेकांवर आदळताहेत. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम उंचावरून दोन पाण्यांचा दिसतो, पण प्रवाहाच्या रेषेत उभं राहिलं तर एकच पात्र. लेन्सिंग नेहमी या दुसऱ्या जागेवरून बघतं. नजरेच्या रेषेतल्या नळकांड्यातलं सगळं वस्तुमान ते एकत्र मोजतं.

सारखे दोन आयसोथर्मल ग्रुप (डिस्पर्शन सगळीकडे सारखं धरलेलं साधं मॉडेल) एका रेषेत असले तर त्यांच्या त्रिज्या बेरजेने लागतात: 4 + 4. म्हणजे प्रत्येकाचं डिस्पर्शन 680 भागिले √2, साधारण 480. आता उलटा ताळा घ्या. 480 चा वर्ग अधिक 675 (1350 चे निम्मे) चा वर्ग, त्याचं वर्गमूळ 828. तुमचे 830 हेच! वस्तुमान डिस्पर्शनच्या घनाने वाढतं, त्यामुळे सरळ 830 धरले असते तर एका ग्रुपच्या पाचपट वजन आलं असतं. खरी बेरीज दुप्पटच.

डेटा बहुधा चेशायर कॅटवरून बेतलेला दिसतो, एसडीएसएस जे1038+4849, हबलच्या चित्रातला तो हसरा चेहरा. तिथेही ताम्रसृती 0.43 च्या आसपास आणि सापेक्ष वेग सुमारे 1350 किमी/से. कंसांचे मध्य दोन्हीपैकी एकाही ठळक दीर्घिकेवर पडत नाहीत, आणि चंद्रा या अवकाश दुर्बिणीच्या क्ष-किरण निरीक्षणांत मधला वायू अपेक्षेपेक्षा तापलेला आहे, धक्का बसल्यासारखा.

मॉडेल करताना लेनस्ट्रॉनॉमी घ्या वा लेन्सटूल (दोन्ही लेन्सिंगची सॉफ्टवेअरं), वस्तुमानाचा मध्य ठळक दीर्घिकेवर खिळवू नका, मोकळा सोडा. एकच गोळा धरला तर बाह्य शिअर (बाहेरच्या वस्तुमानाने प्रतिमांना पडणारा ताण) 0.1 च्या वर जाऊ शकतो; तो शिअर बहुतेकदा न धरलेल्या दुसऱ्या गोळ्याचाच असतो. कंस वेगवेगळ्या अंतरांवरच्या दीर्घिकांचे असतील तर प्रत्येकाला त्याची ताम्रसृती द्या. सगळ्यांना 0.6 लावलं की वस्तुमानाचा उतार चुकतो.

तापीकाठ
फॉसिलचं राहिलं. ठरलेली व्याख्या: विरियल त्रिज्येच्या (गुरुत्वाने बांधलेल्या गटाच्या व्याप्तीच्या) निम्म्यात सर्वांत तेजस्वी पहिल्या आणि दुसऱ्या दीर्घिकेत किमान 2 प्रतींचा (तेजस्वितेच्या मापाचा) फरक, म्हणजे प्रकाशात 6.3 पट, आणि क्ष-किरण तेजस्विता 10⁴² अर्ग/सेकंदाच्या वर. तुमच्याकडे दोन ठळक सारख्याच, म्हणून आज फॉसिल नाही. त्या एक झाल्या की फरक आपोआप उघडतो. चेशायर कॅटमध्ये याला 1 अब्ज वर्षांहून कमी लागतील असा अंदाज आहे. हे लेन्सिंग एकटं सांगत नाही, त्याला वर्णपट आणि प्रकाशमापन जोडावंच लागतं. व्याख्याही तशी ठिसूळच: बाहेरून एक ठळक दीर्घिका आत आली की फॉसिलपण गेलं.

यावल_दुर्बीण
तोरणमाळला 8 इंचीतून असं काही दिसेल का?

सातपुडा_नाना
कंस नाही. 8 इंचीची डोळ्याने मर्यादा साधारण 14 वी प्रत, कंस त्याहून कितीतरी मंद. ग्रुप मात्र दिसेल: हिक्सन 44 (चार दीर्घिकांचा जवळचा गट), सिंह राशीच्या मानेजवळ. फेब्रुवारी ते एप्रिल, चंद्र नसताना. चारपैकी तीन दिसल्या तरी खूप.

जळगाव_एमएस्सी
वीक लेन्सिंगने (मागच्या अनेक दीर्घिकांच्या आकारातल्या किंचित ताणावरून) ताळा घेऊ का?

तापीकाठ
एका ग्रुपवर नको. शिअर 0.01, प्रत्येक दीर्घिकेचा स्वतःचा चपटेपणा 0.3, पाचपट खात्रीसाठी 22,500 पार्श्वदीर्घिका लागतात. दर चौरस आर्कमिनिटाला 10 धरल्या तर 3 आर्कमिनिट त्रिज्येत 280 मिळतात, म्हणजे 80 ग्रुप एकावर एक रचावे लागतील. रचतानाही मध्य चुकले की आतला सिग्नल विरतो. तुमच्या या दोनमध्यांच्या ग्रुपचं तर तेच दुखणं आहे.