मदत हवी आहे: रात्री हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ बसायला बाई (पुणे), अर्जंट

निगडीकर_मृ
नमस्कार, आईचं ऑपरेशन झालंय, अजून अ‍ॅडमिट आहे, सेमीप्रायव्हेट रूम. रात्री बसायला भरवशाची बाई हवीये, आजपासूनच मिळाली तर उत्तम. दिवसा मावशी असते, ऑफिस सुटलं की मी थेट तिकडे जाते, रात्री वहिनी थांबत होती पण ती आता नाशिकला परत गेली आणि माझं घरी मूल लहान आहे त्यामुळे रोज रात्र काढणं शक्य नाही. आई रात्री झोपत नाही आणि कुणाला झोपूही देत नाही. बाई जरा खमकी हवी. बायका पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त नंबर द्या प्लीज, बाकी सल्ले सध्या नकोत, डोकं चालत नाहीये.

अर्धा_कप
कसलं ऑपरेशन? वय काय? बाई नर्सिंग येणारी हवी की नुसती सोबतीला? आईंचं वजन किती, हे ब्युरोवाले पहिल्या फोनवर विचारतात. आणि हॉस्पिटल बाहेरची बाई चालवून घेतं का ते आधी बघा, काही ठिकाणी त्यांच्याच पॅनेलवरची लागते. आमच्या बाईला रात्री गेटवर अडवलं होतं, पास एकच आणि तो माझ्या खिशात.

तात्या_पेठेतले
मेडिक्लेम असेल तर एक गोष्ट आत्ताच तपासा. रूम रेंटची मर्यादा ओलांडली तर बऱ्याच पॉलिसीत नुसता रूमचा फरक कापत नाहीत, डॉक्टरांची फी, ओटी चार्जेस हेही त्याच प्रमाणात कापतात. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कळतं आणि मग माणूस बसतो खाली. रात्रीच्या बाईचे पैसे तर विसराच.

गुडघे_नवे_कोरे
माझे दोन्ही गुडघे झालेत, घाबरू नका. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली दाबायचा, दुखलं तरी दाबायचा. पहिले पंधरा दिवस रडू येतं, मग माणूस पर्वतीसुद्धा चढतो.

निगडीकर_मृ
गुडघा नाही हो काका, खुबा. बाथरूममध्ये पडली, हाड मोडलं, बॉल बदललाय. वय ७४. ऑपरेशन छान झालं, एक्सरे चांगला आहे, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभी केली. प्रश्न ऑपरेशनचा नाहीच आहे. संध्याकाळ झाली की तिचं काहीतरी वेगळंच सुरू होतं. पाऊस आला म्हणते, गच्चीवरचं वाळवण आत घ्या म्हणते आणि उठायलाच लागते. सलाईन उपटलं, लघवीची नळी ओढली, मला आत्याच्या नावाने हाक मारते, मावशीला म्हणाली तुम्ही मला कोंडून ठेवलंय. काल रात्री हात पट्टीने बांधले तिचे. सकाळी परत बरी, चहा मागते. डॉक्टर म्हणाले वयामुळे होतं असं, आणि गेले पुढच्या पेशंटकडे. दादा म्हणतो तिला तिथे राहून वेड लागेल, घरी घेऊन जाऊ. नंबर आहे का कुणाकडे??

फुकट_फौजदार
दादा बरोबर बोलतोय. घरी न्या. आपल्या घरात, आपल्या देवासमोर माणूस आपोआप शुद्धीवर येतो. ही सगळी भुलीची कमाल आहे, म्हणून मी सगळ्यांना सांगतो पूर्ण भूल घेऊ नका, पाठीतलं इंजेक्शन मागून घ्या.

सासरे_रिटर्न्स
पाठीतलं इंजेक्शन दिलं तरी होतं. माझ्या सासऱ्यांना पाठीतच दिलं होतं आणि तिसऱ्या रात्री ते वॉर्डबॉयला तिकीट दाखवा म्हणत होते, एसटीत कंडक्टर होते ना आयुष्यभर. फौजदारसाहेब, घरी नेऊन नळी कोण घालणार, तुम्ही येणार का?

फुकट_फौजदार
मी अनुभवाने सांगितलं. पटत असेल तर घ्या नाहीतर सोडा.

निवृत्त_सिस्टर
मृ, अगं थांब जरा. मी ऑर्थोच्या वॉर्डात वर्षानुवर्षं काढली आहेत. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये हे खूप बघितलंय, याला डिलिरियम म्हणतात. वेड नाही आणि नुसतं वयामुळेही नाही, बहुतेक वेळा मागे काहीतरी कारण असतं आणि ते शोधावं लागतं. मला एवढं सांग. पडायच्या आधी असं विसरणं, भरकटणं होतं का? ताप आहे का? लघवी तपासली का? संडास कधी झाली? रक्तातलं सोडियम केलंय का? पोटात अन्नपाणी जातंय का? ऐकू नीट येतं का, चष्मा डोळ्यावर आहे का? आणि घरी रोजच्या गोळ्या कुठल्या चालू होत्या, सगळ्या सांग, सोड्यापासून तपकिरीपर्यंत. आणि दिवसभर गुंगीत पडून राहते का, तेही बघ. रात्री ओरडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प पडलेला कुणाला दिसत नाही.

निगडीकर_मृ
आधी काहीच नव्हतं, भिशीचा हिशोब तीच ठेवायची. ताप नाही. लघवीचं माहीत नाही. संडास ऑपरेशनपासून नाही झालेली बहुतेक. जेवण दोन घास. गोळ्या काही विशेष नाहीत, बीपीची आहे आणि रात्रीची झोपेची अर्धी, ती काय बाबा गेल्यापासून घेतेच. इथे सांगितली नव्हती, फॉर्मवर फक्त बीपी शुगर असं विचारलं होतं. मिश्री लावते दोन वेळा, इथे अर्थातच बंद. कानाचं मशीन ऑपरेशनच्या आधी काढून दिलं होतं, ते मावशीच्या पर्समधून घरी गेलं.

निवृत्त_सिस्टर
अगं बाई!! हेच सगळं पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याची एकदम बंद झाली तर त्यानेच माणूस असा बिथरू शकतो. आणि उलटंही आहे, ज्याला सवय नाही त्याला या वयात झोपेची गोळी दिली तर गोंधळ वाढतो. म्हणून तू पर्समधून काढून देऊ नकोस, नावासकट पाकीट डॉक्टरांना दाखव, द्यायची का, किती, ते ठरवतील. मिश्रीचंही सांग, लाजू नकोस, तंबाखूच आहे ती. बीपीची कुठली गोळी ते बघ, लघवी जास्त करणारं औषध त्यात असेल तर सोडियम उतरतं. ऑर्थोच्या सरांना म्हण फिजिशियनला बोलवा. म्हणजे मागेच लाग, राउंडला दारात उभी राहा. खाजेसाठी किंवा रक्त चढवताना ॲलर्जीचं औषध अ‍ॅव्हिल दिलंय का तेही विचार, म्हाताऱ्या माणसांना त्यानेही भ्रम होतो. आणि आज मशीन आण पहिलं. ज्याला ऐकू येत नाही त्याला रात्री अनोळखी माणूस अंगावर झुकून काहीतरी करतोय एवढंच दिसतं, मग तो हात झटकणारच.

वैद्यबुवा_नाही
ब्राह्मी आणि जटामांसी सुरू करा, रात्री तळपायाला गाईचं तूप. आमच्या काकूंना दोन दिवसांत फरक. ॲलोपॅथीवाले आणखी गुंगीची इंजेक्शनं देत बसतील.

सासरे_रिटर्न्स
तळपायाला तूप लावा खुशाल, उलट बरं वाटेल त्यांना. पण पोटात काही देऊ नका. ताजं ऑपरेशन, त्यात पोटावर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू असणार. डॉक्टरांना न सांगता कसलीही पूड काढा नको.

वैद्यबुवा_नाही
पूड कोण म्हणालं? जुनं शास्त्र आहे, जरा आदराने.

पर्वती_पायथा
माझी आजी म्हणायची अशा वेळी दृष्ट काढावी. मी ताईंना सुचवतेय फक्त, श्रद्धा असेल तर.

अर्धा_कप
मीठमोहरी ओवाळा आणि खाली येऊन टाका. ऑक्सिजन लावलेल्या रूममध्ये मिरच्या जाळू नका एवढीच विनंती, मी हे घडता घडता राहिलेलं बघितलंय.

निगडीकर_मृ
सिस्टर, थँक्यू, मावशीला फोन केलाय, मशीन घेऊन येतेय. पण मला रात्रीचं सांगा, बाई ठेवू ना? हात बांधू नका म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या मग तुमचं माणूस बसवा सतत.

निवृत्त_सिस्टर
बरोबर म्हणाल्या त्या, रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात बघ. पण रात्री नवी बाई नको. ब्युरोची बाई दर दोन दिवसांनी बदलते, त्यात तुला खमकी हवीये, ती दटावणार आणि आई आणखी उसळणार. बाई दिवसा ठेव. रात्री ओळखीचा चेहरा पाहिजे. मावशीला नाही जमणार, तर दादाला बोलाव, घरी न्या म्हणतोय ना, मग दोन रात्री बसू दे. लघवीची नळी कधी काढणार ते रोज विचार, गरज नसलेली एकेक नळी निघाली की ओढायला काही उरत नाही. दिवसा पडदे उघडे, खुर्चीत बसवा, गप्पा मारा, आज वार कुठला ते सांगत राहा. रात्री बारीक दिवा चालू. आणि वाळवण म्हणाली की पाऊस नाहीये, तू हॉस्पिटलमध्ये आहेस असा वाद घालत बसू नकोस. वहिनीने आत घेतलं, एक पापडही भिजला नाही म्हण आणि हात धरून बस. एकदम धाप लागली, छातीत दुखलं, पोटरी सुजली किंवा हाक मारून उठेनाशी झाली तर मात्र सकाळची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे डॉक्टर.

तात्या_पेठेतले
निगडीहून रोज गाडी काढत असाल तर वेडेपणा आहे. पीसीएमसी मेट्रो स्टेशनला गाडी लावा, मेट्रोने स्वारगेट किंवा सिव्हिल कोर्टला बदलून पुढे. पार्किंगच्या भांडणात जो वेळ जातो तो वाचेल.

फुकट_फौजदार
मेट्रोचं कौतुक पुरे. उतरल्यावर रिक्षावाला मीटरने येतो का ते सांगा आधी.

तात्या_पेठेतले
ॲपवरून बोलवा.

फुकट_फौजदार
ॲपवर दाखवतं एक आणि तो मागतो दुसरं. बोलू नका.

निगडीकर_मृ
रिक्षाचं वेगळा धागा काढून भांडा प्लीज.
अपडेट: फिजिशियन आले. सोडियम १२२ निघालं. बीपीची गोळी बदलली, झोपेच्या गोळीचं पाकीट ठेवून घेतलं आणि चार्टवर लिहिलं, लघवी तपासायला पाठवली. एनिमा दिला. दादा आलाय. काल रात्रीही उठलीच ती, पण मशीन कानात होतं, दादाने हाक मारल्यावर त्याला ओळखलं, म्हणाली तू कधी आलास, जेवलास का. मग पुन्हा वाळवण. दादा म्हणे मी सगळं आत घेतलं, तर म्हणाली तुला कधी जमलंय ते. हात नाही बांधले. आता मावशी विचारतेय मीठ घालून सरबत पाजू का?

निवृत्त_सिस्टर
नाही!! सोडियम उतरलं म्हणून मनाने मीठ नाही, नुसतं पाणीसुद्धा किती द्यायचं ते विचारूनच, कधीकधी पाणी कमी करायला सांगतात. ते हळूहळूच वर आणतात, भराभर वर नेलं तर मेंदूला इजा होते, म्हणून डॉक्टर रोज रक्त काढतील, चिडू नका. आणि सोडियम नॉर्मल झालं की त्याच दिवशी आई पूर्ववत असं समजू नको. काहींना दिवस लागतात, काहींना आठवडे. मध्येच एखादी रात्र परत वाईट जाईल.

सासरे_रिटर्न्स
आमचे कंडक्टर घरी आल्यावरही काही दिवस संध्याकाळी तिकीट मागायचे. सासूबाई सुटे देऊन टाकायच्या. नंतर थांबलं सगळं, आता त्यांना त्यातलं काही आठवत नाही आणि सांगितलं तर रागावतात.

गुडघे_नवे_कोरे
खुबा असेल तर मी सांगितलेला व्यायाम थेरपिस्टला विचारून करा. घरी नेण्याआधी संडास बघा पण. भारतीय असेल तर उकिडवं बसणं बंद, मांडी घालणं बंद, पायावर पाय टाकणं बंद. उंच सीट किंवा कमोडची खुर्ची लागेल, सदाशिव पेठेत सर्जिकलच्या दुकानात मिळते, काही जण भाड्यानेही देतात. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा. ती पायपुसणी आधी उचला.

निगडीकर_मृ
हो काका, खुर्चीचं बघते. दिवसाच्या बाईसाठी नंबर अजूनही हवाय.

अर्धा_कप
व्यनि केलाय. बाईच्या आधारकार्डाची कॉपी घ्या, बाराच तासांचे पैसे आणि ब्युरोचं कमिशन वेगळं आहे का ते आधीच बोलून घ्या. आणि एकच बाई रोज पाठवा असं लेखी मागा.

कोथरूड_२०१९
मलाही नंबर व्यनि करा प्लीज. वडिलांसाठी हवाय, अर्जंट.

अर्धा_कप
कसलं ऑपरेशन?